उजव्या हातातलं नाणं

मंगळवारी सकाळी माझा नवरा खाटेवरून उठला आणि पडला. हात हलेना, पाय हलेना. बोलायला गेला तर जीभ अडली. आमच्या खोलीवर उतरलेल्या पाहुण्यांच्या गाडीतून आम्ही अलिबागला गेलो. दुपारी डॉक्टर म्हणाले, झटका आहे. जीव वाचला, हाताचं सांगता येत नाही.

हात डावा होता आणि नवरा डावखुरा होता.

काशीदला रस्त्याच्या आतल्या अंगाला, पोफळीच्या वाडीत, पर्यटकांना द्यायच्या आमच्या काही खोल्या आहेत. त्या तो बघायचा. स्वयंपाक माझी नणंद करायची, त्याची धाकटी बहीण. तिचं घर कुंपणापलीकडेच. मी मुरुडच्या वाचनालयात ग्रंथपाल आहे. सकाळच्या एसटीने जायचं, संध्याकाळच्या एसटीने परत यायचं. मी परतायची तोवर ओट्यावर त्याचा कार्यक्रम सुरू झालेला असायचा. पाहुण्यांचा चहा झाला की तो खिशातून जुना, जाड रुपया काढायचा, डाव्या हातातून उजव्या हातात द्यायचा, उजवी मूठ उघडायचा आणि मूठ रिकामी असायची. मग तोच रुपया कुणाच्या तरी कॉलरमागून, कुणाच्या बशीखालून निघायचा. लोक खोल्या विसरायचे, त्याला विसरायचे नाहीत.

समोर मी त्याला अहो म्हणत असे. लिहिताना तो म्हणते आहे. एवढी मोकळीक आता घेते.

इतक्या वर्षांत मी त्याची जादू एकदाही नीट पाहिली नाही. मी पुस्तक घेऊन आत बसायची. तो बाहेर सांगायचा, "आमच्या बाईसाहेबांना फसवता येत नाही. फसायला आधी बघावं लागतं." लोक हसायचे. मला सगळं ऐकू यायचं आणि मी पान उलटायची.

दवाखान्यातून घरी आणल्यावर त्याची वाचा आठवड्याभरात सुधारली. ती सुधारली तेव्हा आम्हाला आनंद झाला होता. पाय ओढत ओट्यापर्यंत जाता येऊ लागलं. हात तसाच राहिला. व्यायाम करून घ्यायला अलिबागहून एक मुलगी यायची, नुकतीच शिकून बाहेर पडलेली, मऊ बोलणारी. पहिल्याच दिवशी तिने त्याचा डावा हात मांडीवर घेतला.

"काका, मूठ उघडायचा प्रयत्न करा."

"उघडून काय देऊ तुला?"

"काही नको. नुसती उघडा."

"तुझे हात बघितलेस? गवंड्याच्या हाताखाली होतीस काय आधी?"

ती हसली, कारण तिला वाटलं की हा विनोद आहे. पुढच्या खेपेला तिने हात धरला तेव्हा त्याने चांगल्या हाताने तिचा हात झटकून टाकला. "काय येणार याने? चमचा उचलता येईल. पेला धरता येईल. त्याला मी हात म्हणत नाही. चमचा धरायला ही आहे," असं म्हणून त्याने माझ्याकडे हनुवटी उडवली.

निघताना ती मला कुंपणापाशी म्हणाली, "काकू, सुरुवातीचे महिनेच काय ते असतात. जे यायचं ते त्यातच येतं. नंतर हात आखडतो. मग मी आले काय आणि नाही आले काय."

त्या संध्याकाळी मी त्याच्यासमोर स्टूल घेऊन बसले आणि विनवण्या केल्या. मला विनवण्या करता येत नाहीत. वाक्यं लांब होतात. त्याने ती सगळी ऐकून घेतली आणि उशीखालून रुपया काढून माझ्या अंगावर टाकला.

"शीक," तो म्हणाला.

"काय?"

"तुला दोन हात आहेत ना? दोन्ही चालतात. उजव्यातून डाव्यात दे आणि देऊ नको. मला एकदा फसव. ज्या दिवशी नाणं मला दिसणार नाही, त्या दिवशी बोलाव तुझ्या त्या पोरीला. म्हणावं, पीळ काय पिळायचं ते. हूं की चूं करणार नाही."

"आणि मला नाही जमलं तर?"

"तर मी कुठे काय हरतोय?"

मी रुपया उचलला. त्याचा शब्द मला माहीत होता. बाकी त्याच्याबद्दल कुणी काहीही म्हणो, शब्द तो पाळायचा.

नाणं लपवायचं म्हणजे ते तळव्यात धरायचं. अंगठ्याखालचा मांसल भाग आणि करंगळीखालचा भाग यांच्या चिमटीत नाण्याची कड दाबून ठेवायची आणि बोटं मोकळी सोडायची, जणू हातात काही नाही. वाचायला सोपं आहे. माझं नाणं उभ्याने एक श्वासही टिकत नसे. फरशीवर पडलं की खणखणत दारापर्यंत जायचं, आणि खाटेवरून आवाज यायचा, "पडलं." मग मी गादीवर वाकून सराव करू लागले, म्हणजे ऐकू जाणार नाही. आरशासमोर करू लागले. तांदूळ निवडताना, केर काढताना, देवापुढे दिवा लावताना नाणं तळव्यात. अंगठ्याच्या बुंध्याला पेटके यायचे. वाचनालयात मी उजव्या तळव्यात नाणं धरून पुस्तकांची देवघेव करायची. माझे वाचक सभ्य आहेत. हाताला काय झालंय असं कुणी विचारलं नाही. एसटीत कंडक्टरने विचारलं. सुटे पैसे द्यायला तो हात पुढे करून उभा, आणि मी बोटं आखडून तशीच बसलेली. "बाई, हात उघडा की. तुमचेच पैसे देतोय." मी उघडला आणि रुपया त्याच्या बुटावर पडला.

नणंदेने हे सगळं पाहिलं. ती तोंडावर बोलणारी. "वयनी, हातात खेकडा धरलाय काय? भाव खाटेवर हाय आणि तुम्ही नाणी खेलताय. लोक काय म्हनतील?"

"त्यांनीच सांगितलंय."

"त्याला काय, तो समुद्रात जा म्हनल. जाल काय?"

संध्याकाळी घरी आले की पाय धुवायचे, चहा करायचा आणि त्याच्यासमोर स्टुलावर बसायचं. मी उजव्या हातातलं नाणं डाव्यात दिल्यासारखं करायची, डावी मूठ मिटायची, फुंकर मारायची. मूठ उघडेपर्यंत तो थांबायचाच नाही.

"दिसलं."

कधी नाणं हलायच्या आधीच म्हणायचा. कधी त्यावर आणखी काही. "बोटं बघ, मेलेल्या कोंबडीच्या पायासारखी." "अंगठा दडवतेस की चोरी?" "तुझ्या तोंडावरच लिहिलंय कुठल्या हातात आहे ते. एवढं वाचलंस, चेहरा कोरा ठेवायला कुठल्या पुस्तकात नाही सांगितलं?" मी पुन्हा करायची. तो पुन्हा म्हणायचा. मग जेवण.

ती मुलगी ठरल्या दिवशी यायची, चहा घ्यायची आणि जायची. डाव्या हाताची बोटं हळूहळू आत वळू लागली होती. ती दुरूनच बघायची.

दिवाळीनंतर पाहुणे वाढले. तो खुर्चीत ओट्यावर बसू लागला. एका रविवारी पनवेलहून आलेलं कुटुंब चहा घेत होतं, आई-वडील, दोन मुली, एक काका. मी कपडे वाळत घालत होते. त्याने मला हाक मारली.

"या, बाईसाहेब. बसा हो सगळे. आधी मी करायचो, आता धंदा हिने घेतलाय."

"अरे वा! दाखवा ना, मॅडम," काका म्हणाला.

मी त्याच्याकडे पाहिलं. तो अर्ध्या तोंडाने हसत होता. नाही म्हणता आलं असतं, पण माझ्या खिशात रुपया होता आणि हे त्याला ठाऊक होतं. मी केलं. डावी मूठ मिटतानाच रुपया उजव्या हातातून निसटला आणि काकाच्या खुर्चीखाली गेला. काकाने वाकून काढून दिला.

"मॅडम, हे घ्या. अजून गायब नाही झालेलं."

सगळे हसले. एका मुलीने मोबाइल काढला.

"पुन्हा," तो म्हणाला.

पुन्हा पडला. पुन्हा हसले.

"पुन्हा."

या वेळी रुपया पडला नाही, पण सगळ्यांना दिसला, कारण मी त्याच्याकडेच बघत होते. कुणी हसलं नाही. मुलीची आई म्हणाली, "छान करता हं तुम्ही," आणि मुलीने मोबाइल खाली ठेवला.

"अख्खं वाचनालय डोक्यात आहे हिच्या," तो पाहुण्यांना म्हणाला. "हातात काही नाही."

त्या रात्रीच्या जेवणात मी त्याच्याशी बोलले नाही. त्याला ते कळलं असावं, कारण दुसऱ्या संध्याकाळी, एकदाच, तो मास्तरासारखा बोलला. "तू उजव्या हाताची काळजी करतेस. सोडून दे त्याला. तो मेला समज. डाव्या हातात नाणं आहे. खरंच आहे. त्याचं वजन लागू दे. तू जिथे बघशील तिथे लोक बघतील, पण बघताना तुझा विश्वास पाहिजे. आणि झाल्यावर नाणं दाखवायचं नाही. कुठे आहे ते कधीच दाखवायचं नाही." बोलताना त्याचा चांगला हात नकळत वर आला होता आणि नसलेलं नाणं घेत होता. मग त्याने तो खाली ठेवला. "चल, कर." मी केलं. "दिसलं," तो म्हणाला, पण मूठ मिटल्यावर म्हणाला. तेवढा फरक होता.

त्यानंतर मला जमू लागलं. वाचनालयातल्या शिपाईणबाईंसमोर केलं तर त्यांनी माझी डावी मूठ स्वतः उघडून पाहिली आणि कपाळाला हात लावला. मी ते घरी सांगितलं नाही.

याच सुमाराला त्याने जेवणाच्या तक्रारी सुरू केल्या. नणंद ताट वाढायची, आमच्याकडे वाढतात तसं, डाव्या बाजूला मीठ, लिंबू, लोणचं, चटणी; उजव्या बाजूला भाजी आणि आमटी; मध्ये भात.

"मीठ वाढलं नाहीस," तो म्हणायचा.

"वाढलंय की. ताटात बघ."

"कुठाय? लोणचं पण नाही."

"भावा, चेष्टा करतोस काय? समोर तर हाय." तिने लोणच्याची फोड उचलून भातावर ठेवली.

"आता ठेवलीस." मग तो माझ्याकडे वळला. "ही तुझी कामं. ताटातलं मीठ गायब करायला शिकलीस, नाणं तेवढं येत नाही."

भाताचा एका बाजूचा अर्धा ढीग तसाच राहायचा. नणंदेला वाटलं, तिचा स्वयंपाक त्याला आवडेनासा झाला. मला वाटलं, त्याने छळायची नवी तऱ्हा काढली. पाहुण्यांसमोर तो अशाच गोष्टी करायचा, पेला असताना नाही म्हणायचा, नसताना आहे म्हणायचा. आणि त्याला वाटलं, मी त्याच्यावर प्रयोग करते आहे. आम्ही दोघं इतके दिवस नाण्याशीच खेळत होतो की ताटाकडेही दोघांनी जादू म्हणूनच पाहिलं. मी एकदा चिडून म्हणालेही, "हो, मीच केलं गायब." तो खूश झाला.

मग ती संध्याकाळ आली. मी स्टुलावर बसले. उजव्या हाताचा विचार केला नाही. डाव्या हातात नाणं आहे असं मला खरंच वाटलं. त्याचा थंडपणासुद्धा लागला. मूठ मिटली, तिच्याकडे पाहिलं, फुंकर मारली, बोटं एकेक करून उघडली.

तो काही बोलला नाही.

तो माझ्या रिकाम्या डाव्या हाताकडे बघत राहिला. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग पुन्हा त्या हाताकडे.

"पुन्हा कर."

मी केलं.

"हं," तो म्हणाला. "कुठे आहे?"

"दाखवायचं नसतं," मी म्हणाले.

त्याचं तोंड हललं. मला वाटलं तो हसतो आहे. "बोलाव तिला," तो म्हणाला.

मी मागच्या दारी जाऊन तिला फोन केला. ती म्हणाली, "काकू, रडू नका, उद्याच येते."

दुसऱ्या दिवशी मी रजा घेतली. ती सकाळी आली. तो खाटेवर उशांना टेकून बसला होता. त्याच्या डाव्या अंगाला दाराची बाजू आहे, उजव्या अंगाला भिंत. ती दारातून आत आली, खाटेच्या कडेवर बसली आणि त्याचा डावा हात तिने दोन्ही हातांत घेतला. त्याने झटकला नाही.

"आले हं, काका."

त्याने भिंतीकडे पाहिलं. "ये की आत. बाहेर काय उभी राहिलीस?"

ती हसायला लागली आणि थांबली. तिने त्याच्या तळव्यावर बोट दाबलं. तो भिंतीकडेच बघत होता. "ही पोर लाजते काय?" त्याने मला विचारलं. तिने पर्समधून पेन काढून त्याच्या डाव्या कानाच्या बाजूला धरलं आणि हळूहळू उजवीकडे नेलं. पेन नाकाच्या पुढे येईपर्यंत त्याचे डोळे हलले नाहीत.

"काकू, गाडी बोलवा," ती म्हणाली.

अलिबागला डॉक्टरांनी सांगितलं की मधे कधीतरी दुसरा झटका येऊन गेला आहे. दोन्ही डोळ्यांची डावीकडची अर्धी नजर गेली आहे, आणि ती गेल्याचं त्याला जाणवत नाही. त्याच्या दृष्टीने डावीकडे काही नसतंच. ताटातलं अर्धं अन्न राहत होतं का, त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि लिहून घेतलं. तेव्हाच आणलं असतं तर काय झालं असतं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

परतताना समुद्र उजव्या हाताला असतो. तो पुढे ड्रायव्हरशेजारी बसला होता आणि समुद्राकडे बघत होता. तेवढा त्याला दिसत होता. मी मागे होते. बराच रस्ता गेल्यावर त्याने विचारलं,

"त्या दिवशी नाणं कुठल्या हातात होतं?"

"उजव्या," मी म्हणाले.

"तू समोर बसतेस. तुझा उजवा म्हणजे माझा डावा."

"हो."

"म्हणजे मला तो हातच दिसत नव्हता."

मी मांडीवरचे डॉक्टरांचे कागद घडी करून पर्समध्ये ठेवले.

"मग ते फसवणं नाही झालं. तिला सांग, येऊ नको."

"अहो, असं काय करता? ठरलं होतं ना आपलं?"

"ठरलं होतं ते झालं नाही."

रेवदंड्याचा पूल आला आणि गेला. मग तो तोंड न वळवता म्हणाला, "डावा म्हणायचं होतंस."

"काय?"

"मी विचारलं तेव्हा डावा म्हणायचं होतंस. मला काय कळणार होतं? मी हात दिला असता तिला. एवढी एकच थाप मारायची होती, तीही जमली नाही."

"मग डाव्याच हातात होतं," मी म्हणाले.

"आता दिसलं," तो म्हणाला.

ड्रायव्हरला वाटलं नवरा-बायकोची थट्टा चालली आहे. तो हसला.

त्याने हात दिला नाही. ती मुलगी आपणहून येऊन गेली. त्याने भिंतीकडे तोंड केलं. मी त्याला खोटं सांगून पाहिलं, शपथा घालून पाहिल्या, नणंदेला त्याच्यावर रागवायला लावलं. ताट मात्र आम्ही फिरवून ठेवू लागलो, मीठ-लोणचं उजवीकडे. नणंदेला ते बघवत नसे; उजवीकडे मीठ कुणी वाढत नाही.

मी डाव्या हाताने सुरुवात केली. नाणं डाव्या तळव्यात धरायचं, उजव्यात दिल्यासारखं करायचं, म्हणजे लपलेला हात त्याच्या दिसत्या बाजूला येईल. मी उजव्या हाताची. डाव्या हाताला काहीच येत नव्हतं. पुन्हा फरशी, पुन्हा गादी, पुन्हा पेटके. तो खाटेवरून म्हणायचा, "माझा हात तुला पाहिजे होय?" आणि रोज संध्याकाळी, "दिसलं."

त्याची मूठ आता पूर्ण मिटली होती. नखं तळव्यात रुतायची. मी एकेक बोट उचलून धरायची आणि नखं कापायची. दुखत असावं, पण तो त्या बाजूला बघायचाच नाही.

पौषात एका दुपारी तो गेला. मी वाचनालयात होते. शेवटची आंघोळ घालताना ती मूठ कुणाला उघडता आली नाही.

तेराव्याचं जेवण झाल्यावर पंगतीतल्या बायका बसल्या होत्या. नणंदेने त्यांच्यासमोर मला विचारलं, "वयनी, एक सांगा. तो आंधला झाला ता मला कललं न्हाय, मी अडानी. तुम्ही तर रोज समोर बसत होतात. तुम्हाला कसं न्हाय कललं?"

बायका माझ्याकडे बघत राहिल्या. मी म्हणाले, "मला वाटलं मला जमलं."

"व्हय, जमलंच की," ती म्हणाली आणि पत्रावळी उचलू लागली.

खोल्या आता ती बघते. मी सकाळच्या एसटीने जाते आणि संध्याकाळच्या एसटीने येते. ओट्यावर पाहुणे चहा घेतात आणि आपसात बोलतात. डाव्या हाताने मला आता येतं.